लाल ठिपका दिसला का?

"ओ ताई, जरा सरका. नवरी दिसून न्हाई राह्यली."

एप्रिलची दुपार, केदारखेड्याचा मांडव, आणि थेट माझ्या डोळ्यांत हॅलोजनचा झोत. हातात तांब्या, तांब्यावर नारळ, आणि नवरीच्या मागे करवली म्हणून उभी असलेली मी. वय वर्षं एकतीस. करवली म्हणून खरं तर दहा-बारा वर्षांची पोरगी शोभते. पण आमच्या भावकीत बिनलग्नाची एवढी एकच पोरगी शिल्लक होती, आणि रखमाजीकाकाच्या मुलीचं लग्न अडून राहिलं असतं.

मी डोळे बारीक करून बघितलं. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, गळ्यात टॉवेल, एक डोळा कॅमेऱ्यात आणि दुसरा मिटलेला.

"करवली नवरीच्या मागंच उभी राहते," मी म्हटलं. "तुमच्या शूटिंगसाठी मी काय विहिरीत जाऊन उभी राहू?"

"विहिरीत नको, तिथं उजेड कमी पडतो. दोन पावलं डावीकडं बस झाली, ताई."

"आणि ताई म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका!"

तो हसला. डोळा कॅमेऱ्यातून न काढता हसला, त्यामुळे मला अर्धंच हसू दिसलं. मी दोन पावलं डावीकडे झाले खरी, पण मनातून चरफडत होते. सरका म्हणे! आयुष्यभर दुसरं केलं काय? वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्यांच्या जागेवर जालन्याला सिंचन खात्यात टायपिस्ट म्हणून लागले. मग दादाचं शिक्षण, दादाची नोकरी, दादाचं लग्न, ऋतुजाचा जन्म... दर वेळी मी थोडी थोडी बाजूला होत गेले. आणि एक दिवस बघते तर घरच्या फोटोत मी पार कडेला, अर्धा खांदा तेवढा आत.

आता तर फोटोच उचलून चालला होता. दादाला बेल्लारीकडे लोखंडाच्या कारखान्यात चांगली जागा मिळाली होती. क्वार्टर होतं, ऋतुजाला शाळा होती. जूनच्या पहिल्या रविवारी सगळे निघणार होते. दादा, वहिनी, सहा वर्षांची ऋतुजा... आणि आईसुद्धा. आईनं राहायचं कुठं, तर लेकाकडं, त्यात विचारायचं काय! माझी नोकरी सरकारी, ती काही उचलून नेता येत नाही. काद्राबादच्या त्या तीन खोल्यांत मी एकटीच उरणार होते. "रजे, तुझी काही कटकट न्हाई. तू राहशील बराबर," दादा म्हणाला, आणि मी "हो" म्हटलं. कटकट नसलेल्या माणसानं दुसरं काय म्हणायचं असतं?

लग्नात शूटिंगवाला सगळ्यात शेवटी जेवतो. पंगती उठून गेल्या होत्या आणि तो मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच पत्रावळीवर बसला होता. मी बुंदीचं पातेलं घेऊन गेले. का गेले? वाढायला दुसरं कुणी नव्हतं... निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"घरातलं शूटिंग करायला कॅमेरा केवढ्याला मिळतो?"

"कुणाचं लग्न हाय?"

"लग्न नाही. घरातली माणसं जाणार आहेत. जायच्या आधी भरून ठेवायची आहेत."

त्याचा घास हातातच राहिला. मग तो सावकाश म्हणाला, "असं कुणी मागत न्हाई हो. लोक बारसं सांगतात, वास्तुशांती सांगतात... मामा चौकात दुकान हाय माझं. अपूर्व व्हिडिओ. तिथं या. अन् सुभाष रोडवरून नवीन-बिवीन घेऊ नका. बिलकुल न्हाई."

"कुणाला विचारू दुकानात?"

"कडूबा म्हणा. मीच हाय."

मला हसू आवरेना. "लोकांची लग्नं रंगवणाऱ्या माणसाचं नाव कडूबा?"

"माझ्या आधीची तीन भावंडं न्हाई जगली. मंग आईनं मुद्दाम असं नाव ठिवलं. कुणाची नजर लागू नये म्हणून." तो बुंदीकडे बघत म्हणाला, "अजून तर कुणाची लागली न्हाई."

मी बुंदीचा डाव त्याच्या पत्रावळीत जरा जोरातच आपटला आणि निघून आले. कान तापले होते. उन्हानं असतील.

*

मला कुणी "बिलकुल न्हाई" म्हटलं की मी आधी तेच करते. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तडक सुभाष रोडला गेले. काचेचं दुकान, आत गारेगार, आणि टाय लावलेला विक्रेता. "साडेचारशे पट झूम, मॅडम! एकदम क्लिअर क्वालिटी!" किंमत ऐकल्यावर मी पाणी मागितलं. माझ्याजवळ भिशीचे नऊ हजार होते. त्याच्या कॅमेऱ्याचं झाकण तेवढं आलं असतं.

मामा चौकातलं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतभर कॅसेटी, प्रत्येकीच्या पाठीवर नवरा-नवरीचं नाव. एक टीव्ही, दोन खुर्च्या, आणि पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला कडूबा.

"जाऊन आल्या ना सुभाष रोडला?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तोंडावर दिसून राह्यलं. साडेचारशे झूम सांगितलं असंल. तुमची माणसं घरात राहतात का चंद्रावर?"

मला राग यायला हवा होता. पण दिवसभर कुणी माझ्याशी 'तेवढं पत्र टाइप करा' याच्यापलीकडे बोललं नव्हतं, त्यामुळे हसूच आलं.

मग तो विचारायला लागला. घरात कोण कोण हाय? उजेड कुठून येतो? लाइट किती वाजता जाते? आई हळू बोलतात का जोरात? लेकरू एका जागी बसतं का? मी सांगत गेले. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, सकाळी आठपर्यंत ऊन थेट चुलीपर्यंत येतं. आई हळूच बोलते, पण बांगड्या फार वाजवते. ऋतुजा झोपेतसुद्धा एका जागी राहत नाही. वहिनी रागावली की भांडी जोरात लावते... बोलता बोलता लक्षात आलं, की कॅमेरा बघायला आलेली मी त्याच्यासमोर माझं घरच मांडून बसले होते. आणि तो ते सगळं असं ऐकत होता, जसं काही त्यालाच तिथं राहायला जायचंय.

"झूम सोडा," तो शेवटी म्हणाला. "कमी उजेडात दिसलं पाहिजे अन् आवाज चांगला धरला पाहिजे. चित्र थोडं धूसर निघालं तरी चालतं. आवाज गेला की माणूस गेलं."

"तुमच्याकडे असतील की घरच्यांच्या पुष्कळ कॅसेटी."

तो पुठ्ठा हलवायचा थांबला. "एक होती. आई दारात बसून शेंगा फोडून राह्यली अन् मला शिव्या देऊन राह्यली, 'मेल्या, बंद कर ते.' अशी दहा मिनिटं. मंग ऐन सीझनमध्ये टेंभुर्णीचं लग्न आलं अन् कॅसेट कमी पडली. तीच घातली. म्हटलं, आईचं काय, परत काढू." तो कसंनुसं हसला. "त्याच दिवाळीत गेली ती. टेंभुर्णीवाल्यांकडं हाय ती कॅसेट. वरातीच्या खाली कुठंतरी आई हाय."

मग त्यानं एक कॅसेट उचलून दाखवली. पाठीवर एक बारीकसा लाल खटका होता. "हा सरकवला की तिच्यावर परत काहीच घेता येत न्हाई. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढं मी केलं न्हाई."

*

कॅमेरा त्यानं शोधून ठेवला होता. एका निवृत्त गुरुजींचा, सेकंडहँड पण जपलेला. भिशीच्या पैशात बसत होता. अडचण एवढीच, की गुरुजी विकू का नको, विकू का नको करत होते. त्यामुळे मला दर दोन दिवसांनी "काय म्हणाले गुरुजी?" हे विचारायला मामा चौकात जावं लागायचं. फोन करता आला असता, हो. फोन नंबर कॅसेटीवर छापलेला होता. पण फोनवर चहा मिळत नाही.

"गुरुजी आज न्हाई म्हणाले," तो सांगायचा.

"वाईट झालं," मी म्हणायची आणि खुर्ची ओढून बसायची.

तो मला कशानंच हाक मारायचा नाही. ताई नाही, मॅडम नाही, काही नाही. मी मांडवात जे बोलले होते ते त्यानं अक्षरशः धरून ठेवलं होतं. "चहा सांगू का... " आणि पुढे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेची मला सवय व्हायला लागली.

शेवटी मेच्या अखेरच्या शुक्रवारी गुरुजी हो म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही. आणि लगेच वाटलं, झालं... आता इथं यायचं कारण संपलं.

"चष्मा काढा. इथं डोळा लावा. दुसरा मिटा," कडूबा समोर उभं राहून शिकवत होता. मी चष्मा काढला, डोळा लावला, दुसरा मिटला.

"आता मी काय समजू?" तो म्हणाला. "शूटिंग करून राह्यल्या का डोळा मारून राह्यल्या?"

"अय्या! तुम्हीच तर मिटा म्हणालात!"

"मी शूटिंगसाठी म्हणालो." तो समोर उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न कळून. एकदा खिशात, एकदा पाठीमागे. हजार लग्नं टिपलेला माणूस, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहायची त्याची बहुधा पहिलीच वेळ. भिंतीला चिकटून, पार कडेला उभा होता.

"हे लाल बटण. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. दोन-दोन मिनिटंच घ्या, जास्त लांबवू नका. सुरू झालं की आत कोपऱ्यात लाल ठिपका येतो. दिसला का?"

चष्म्याशिवाय मला ठिपका तर सोडाच, कडूबाचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. पण 'मला दिसत नाही' असं त्याला सांगायचं? एकतिसावं वर्ष, त्यात आंधळी... एवढं सगळं एका दिवशी कशाला?

"दिसला की," मी म्हटलं.

*

रविवारी पहाटेच नळाला पाणी आलं.

जालन्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. आठ दिवसांनी पाणी येतं त्या दिवशी गल्लीत सण असतो. नळ्या, ड्रम, घागरी, पातेली, अगदी वाट्यासुद्धा. संध्याकाळच्या गाडीनं सगळे निघणार होते. तरी आई पदर खोचून उभी राहिली. "भर गं, सगळं भर. तुला पुढं कोण भरू लागणार?"

मी गळ्यात कॅमेरा अडकवला आणि बटण दाबलं. सुरू झालं का नाही ते कळेना, म्हणून पुन्हा दाबलं. आता नक्की झालं. ऋतुजा ड्रममध्ये हात घालून खिदळत होती, ती घेतली. बटण दाबून बंद केलं. दादा नळी जोडत होता. बटण, सुरू. "दादा, इकडे बघ ना!" दादानं केस सारखे केले आणि पोलिसात भरती व्हायला आल्यासारखा ताठ उभा राहिला. बटण, बंद. वहिनीनं आधी साडी बदलली, मग घागर डोक्यावर घेऊन हसली. आईला देवघरापुढे बसवलं, तर ती फोटो निघाल्यासारखी श्वास रोखून बसली. दोन-दोन मिनिटं. अगदी सांगितल्यासारखं सगळं करत होते मी.

एकाचं शूटिंग संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत कॅमेरा गळ्यात लोंबायचा, आणि मी घागरी उचलायची.

नंतर स्वयंपाकघरात आई प्रवासासाठी दशम्या करायला बसली. मी कॅमेरा खिडकीच्या खुंटीला अडकवला आणि तिच्याजवळ बसले. खिडकीतून ऊन चुलीपर्यंत आलं होतं. बाहेर ऋतुजा कसलंसं गाणं म्हणत होती.

"रजे," आई पिठाकडे बघत म्हणाली, "त्या शूटिंगवाल्याकडं किती चकरा झाल्या गं?"

"कॅमेऱ्यासाठी गेल्ते."

"कॅमेरा शुक्रवारी आला. मंग काल काहून गेल्तीस?"

"...कॅसेट आणायला."

आईनं दशमी तव्यावर टाकली. हात पुसले. "तुला आवडतो का त्यो?"

संध्याकाळी ही बाई जाणार. मग मला असं कोण विचारणार? खोटं कुणासाठी ठेवायचं?

"आवडतो," मी म्हटलं. "लई आवडतो, आई. पण मी मरेन, त्याला सांगायची नाही."

"काहून?"

"तो हसला तर?"

आईनं पिठाच्या हातानंच माझा गाल धरला. "सांग बाई. सांगून टाक. मी तिकडं सुखानं झोपंन तरी."

आम्ही दोघी रडलो. दशमी करपली. थोड्या वेळानं कॅमेरा खुंटीवरून काढला तर तो आपोआप बंद पडलेला होता. बॅटरी गेली असेल म्हटलं. लाइटही गेली होती, मग तो विषय तिथंच राहिला.

संध्याकाळी स्टेशनवर ऋतुजानं खिडकीतून विचारलं, "आत्या, तू मागच्या गाडीनं येणार ना?"

"हो गं," मी म्हटलं. गाडी हलली. आईचा हात बराच वेळ दिसत होता, नंतर दिसेना.

*

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. तेच तर दुःख होतं, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. कुलूप उघडायचं, चपला काढायच्या. दारात एकच जोड. संध्याकाळी चहा टाकला की हात आपोआप जास्त पाणी टाकायचा, आणि तो उरलेला चहा मी दुसऱ्यांदा गरम करून प्यायची. पाच माणसांसाठी भरलेलं पाणी एकटीला संपेना. आठ दिवसांनी नळ आला, गल्लीत आरडाओरडा झाला, आणि माझा ड्रम अजून अर्धा भरलेला होता. मी नळ न सोडताच पायरीवर बसून राहिले. रिकामा ड्रम कधी कुणाला हवासा वाटला असेल का? त्या दिवशी मला वाटला.

एक आधार होता, कॅसेट. पण टीव्ही दादानं नेला होता. आणि कॅमेऱ्याच्या त्या बारक्या भोकातून, धूसर, आपली माणसं एवढीएवढीशी बघायला माझं मन होईना. शेवटी गुरुवारी जाऊन कॅमेरा आणि कॅसेट कडूबाच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या टीव्हीवर बघता येईल?"

"राहू द्या इथं. आधी तपासून घेतो. शनिवारी या." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "गेले का सगळे?"

मी मान हलवली. त्यानं चहा सांगितला, दोनदा.

दुसरा शनिवार, ऑफिसला सुट्टी. मी इस्त्रीची साडी नेसून गेले, माझ्या माणसांना भेटायला जावं तशी. कडूबा खुर्चीवर बसला नव्हता, उभाच होता.

"एक सांगायचंय... बसा आधी."

"काय झालं?"

"शूटिंग उलटं झालंय."

मला कळेना. त्यानं सावकाश सांगितलं. पहिल्यांदाच बटण दोनदा दाबलं गेलं असणार. तिथून पुढं सगळं उलटं. मी सुरू समजत होते तेव्हा बंद, आणि बंद समजत होते तेव्हा सुरू. "आत लाल ठिपका दिसत न्हवता का तुम्हाला?"

"नव्हता दिसत!" मी ओरडलेच. "चष्म्याशिवाय मला काहीही दिसत नाही! तुमचं नाकसुद्धा दिसत नव्हतं!"

"मंग सांगायचं ना..."

"नाही सांगता येत मला! काहीच नाही सांगता येत!" आणि मी त्या नवरा-नवरींच्या हजार कॅसेटींसमोर ढसाढसा रडायला लागले. ऋतुजाचं हसणं गेलं, आई गेली, सगळं गेलं. भिशी घालून मी काय आणलं, तर स्वतःची फजिती. दुसऱ्यांदा गेली माझी माणसं, आणि या वेळी मीच घालवली.

त्यानं टॉवेल पुढे केला. मग वायर जोडली आणि टीव्ही लावला. "रडा, पण बघून रडा."

पडद्यावर फरशी आली. ओली, हलणारी. माझे पाय. मग ऋतुजाचे पाय थबथब करत पळाले. "आत्याऽऽ, ड्रममध्ये माझं तोंड दिसतंय!" नळाचं पाणी धो धो आवाज करत होतं. उलटा दरवाजा दिसला. वहिनी कुठं दिसत नव्हती, पण तिचा आवाज होता. "अहो, नळी धरा नीट, माझी साडी भिजली!" आणि दादा चक्क हसत होता. माझा गंभीर दादा, लहानपणी हसायचा तसा खदखदून. "भिजू दे, बेल्लारीत सुकंल!" भांडी आपटली. आईच्या बांगड्या वाजल्या. "रजीला एवढी जड घागर देऊ नका रे, तिची कंबर दुखती." हे मी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं.

मी टॉवेल तोंडाशी धरून बघत राहिले. कुणीही केस सारखे केले नव्हते. कुणी श्वास रोखला नव्हता. हजार पोजमध्ये सापडलं नसतं ते माझं घर, उलटंसुलटं, पाण्यानं भरलेलं, समोर होतं.

"मी इतक्या वर्षांत असं शूटिंग न्हाई केलं," कडूबा हळूच म्हणाला.

मग पडदा स्थिर झाला. खिडकीचं ऊन, चूल, आईचा हात, पिठाची परात. खुंटी! कॅमेरा मी तिथंच अडकवला होता.

"रजे," टीव्हीतून आई म्हणाली, "त्या शूटिंगवाल्याकडं किती..."

आणि लाइट गेली. दुपारचे तीन. जालन्याची लाइट वेळेची पक्की.

पंखा हळूहळू थांबला. कडूबा टीव्हीकडे बघत होता, विझलेल्या टीव्हीकडे.

"तुम्ही... कुठपर्यंत ऐकलंय?" मी विचारलं.

"आईंनी विचारलं तिथपर्यंत." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "पुढचं न्हाई ऐकलं. शपथ."

मी उठून दारापर्यंत गेले. बाहेर रणरणतं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. आता निघून गेले तर लाइट आल्यावर हा पुढचं ऐकणार. कॅसेट ओढून घेऊन गेले तर कधीच ऐकणार नाही, आणि मी त्या घरी जाऊन गार चहा गरम करणार, उद्या, परवा, पुढच्या वर्षी... आईचा पिठाचा हात गालावर अजून आहे असं वाटलं.

मी वळले.

"मशीनच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. आईनं विचारलं, आवडतो का. मी म्हटलं, आवडतो. लई आवडतो. आणि म्हटलं, मी मरेन पण त्याला सांगायची नाही. झालं. आता हसायचं असेल तर हसा."

तो हसला नाही. घाम पुसायला टॉवेल शोधायला लागला. तो माझ्या हातात होता.

"मांडवात तुम्ही दोन पावलं डावीकडं गेल्या ना," तो कसाबसा म्हणाला, "मंग मी पण कॅमेरा डावीकडंच घेतला. त्या लग्नाची कॅसेट बघा. नवरी अर्धी हाय, करवली पुरी हाय. रखमाजीरावांनी पैसे कापले माझे."

मला रडू का हसू ते कळेना. तेवढ्यात, काय नवल, लाइट परत आली. पंखा फिरला. त्यानं कॅसेट सुरू केली. "...चकरा झाल्या गं?" आईनं पुन्हा विचारलं. मग कॅसेट. मग दशमी. मग, "तुला आवडतो का त्यो?"

आणि पडदा निळा झाला. नुसता निळा.

"पुढचं कुठंय?" मी म्हटलं.

"कॅसेटच संपली ना तिथं."

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं? पुढं काहीच नाही हे माहीत होतं?"

"मी तर म्हणालो, पुढचं न्हाई ऐकलं." आता मात्र तो हसला, पुरं हसला, दोन्ही डोळ्यांनी. "दोन दिवस झोपलो न्हाई. आईंनी विचारलं अन् कॅसेट संपली. हे काय संपायचं ठिकाण हाय का?"

"लबाड!" मी त्याला टॉवेल फेकून मारला.

त्यानं तो झेलला. मग कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या पाठीवरचा लाल खटका नखानं सरकवला. दोनदा तपासून बघितला. "ही आता कुणीच पुसायची न्हाई," तो म्हणाला, आणि ती माझ्या हातात दिली.

"दुसरी घाला," मी म्हटलं. "आईला सीडी करून पाठवायची आहे."

त्यानं कॅमेरा स्टँडवर लावला, नवी कॅसेट घातली, बटण एकदाच दाबलं आणि आत डोळा लावला.

"लाल ठिपका दिसला का?" मी विचारलं.

"दिसला."

तो समोर आला आणि सवयीनं पार कडेला, भिंतीला चिकटून उभा राहिला. अर्धा खांदाच येत असणार.

"ओ कडूबा, जरा सरका. इकडे."

तो दोन पावलं सरकला. "आता तरी काय म्हणू ते सांगा."

"रजनी म्हणा."

"रजनी," तो म्हणाला. नुसतं एवढंच. आमच्यामधली रिकामी जागा भरली.

मी चष्मा नीट केला आणि थेट कॅमेऱ्याकडे बघितलं.

"आई," मी म्हटलं, "सांगितलं गं त्याला."